दुसरी बाटली

२१ फेब्रुवारी २००५

केली सही. प्रत्येक पानाखाली एक. शेवटच्या पानावर पेन बोटांतून निसटलं. वेदिका — डॉ. देवरेंकडे औषधांच्या या अभ्यासाचं सगळं काम बघणारी मुलगी — म्हणाली, "मॅडम, दमानं करा, घाई नाही." दमानं केल्यानं बोटं सरळ होणार आहेत का!

शेखरला पटलेलं नाही. "प्रयोग उंदरांवर करतात, बायकोवर नाही." येताना रिक्षात रस्त्याकडे तोंड करून बसला.

पण मी काय करू? चार वर्षं झाली या संधिवाताला. सगळ्या गोळ्या झाल्या. सकाळी नळ फिरवता येत नाही. ब्लाउजचे हूक पल्लवी लावते. अकरावीतली पोरगी आईची वेणी घालून मग कॉलेजला पळते! आणि मी कोर्टात स्टेनो. जज्जसाहेब जबाब सांगत जातात आणि मी मागे पडते. परवा भर कोर्टात — "बाई, साक्षीदारानं तुमच्यासाठी थांबायचं का?" वकील हसले. अजून एकदोनदा असं झालं की माझी रवानगी रेकॉर्ड रूममध्ये, हे मला दिसतंय.

डॉक्टरांनी नीट समजावलं. शरीरातली जी यंत्रणा जंतूंशी लढते, तीच माझ्या सांध्यांवर उलटली आहे. एक औषध सुईतून — ते या यंत्रणेचा एक निरोप मधेच अडवतं. दुसरं सलाईनच्या बाटलीतून, महिन्यातून एकदा — ते लढणाऱ्या पेशींना चेतूच देत नाही. सुई सगळ्यांना खरी. बाटली मात्र निम्म्यांना खरी, निम्म्यांना नुसतं पाणी. कोणाला काय, ते डॉक्टरांनाही माहीत नाही!

"दोन्ही मिळून जास्त फायदा होतो का, ते बघायचंय," म्हणाले. "आणि दोन्ही मिळून जास्त धोका होतो का, तेही. ताप, खोकला, काहीही — त्याच दिवशी फोन करायचा. लपवायचं नाही."

मान हलवली. मला फक्त पहिलं वाक्य ऐकू आलं होतं.

७ मार्च

पहिली बाटली चढवली. शेजारच्या पलंगावर वत्सलाबाई म्हणून एक आहेत, देवळाली कॅम्पच्या. नवरा तोफखान्यात हवालदार होता, वारला. पिठाची गिरणी चालवतात. मनगटं माझ्याहून वाईट — डाव्या हाताची बोटं बाहेरच्या बाजूला कललेली. बोलणं मात्र खणखणीत. डॉक्टर पुन्हा सगळं समजावत होते, तर यांनी मधेच — "म्हंजे आपल्याच तोफा आपल्याच लोकांवर. समजलं. पुढं बोला."

नर्सलाही हसू आवरेना.

मला म्हणाल्या, "तू काय करतीस गं?" कोर्टात आहे म्हटलं. "मंग बरं हाय. ह्यांनी काय दगाफटका केला तर तुला लिवता येईल."

१० मार्च

सुई घरीच टोचायची, दर गुरुवारी. पोटावर. पल्लवी बघायला उभी राहिली आणि मीच डोळे मिटले! शेवटी तिनंच टोचली. वर कापूस दाबून धरला.

लोडशेडिंगमुळे फ्रिज बंद पडतो. सुया बर्फाच्या थर्मासात. शेखर न सांगता बर्फ आणून ठेवतो.

४ एप्रिल

लिहू की नको? दृष्ट लागेल.

आज सकाळी उठले आणि नळ फिरवला. फिरवून झाल्यावर लक्षात आलं! पुन्हा बंद केला. पुन्हा उघडला. शेखर ओरडला, "पाणी वाया का घालवतेस?" मी म्हटलं, "इकडे ये." तो आला, बघत राहिला. मग आत जाऊन पेपर उघडून बसला. पेपर उलटा होता.

५ एप्रिल

आजसुद्धा.

२ मे

तिसरी बाटली. डॉक्टर सांधे दाबून दाबून बघत होते — "इथे? इथे दुखतं?" नाही. नाही. इथेही नाही. ते हसले नाहीत पण मिश्या हलल्या.

वत्सलाबाईंचं मात्र काहीच नाही. तशाच सुजलेल्या. पडदा मधे असला तरी ऐकू येत होतं — "हितं दुखतंय. हितंबी. सगळीकडंच, डॉक्टर, विचारता कशाला!"

बाहेर आल्यावर म्हणाल्या, "आशे, तुला खरं औषध लागलंय. माझ्या नशिबी पानी."

मी नाही नाही म्हटलं. पण मनात म्हटलं, खरंच असणार. माझे हात आणि यांचे हात शेजारी शेजारी ठेवले तर आंधळ्यालाही कळेल.

१३ जून

कोर्टात आज दिवसभर खुनाच्या खटल्याची साक्ष. पंचनामा करणारा फौजदार इतका भरभर बोलत होता की साहेबांनीच त्याला दोनदा थांबवलं. मला नाही! संध्याकाळी कागद टाइप करून पुढे ठेवले. साहेबांनी चाळले, म्हणाले, "हं." या माणसाचं 'हं' म्हणजे बक्षीस.

येताना मेन रोडवर बांगड्या भरल्या. काचेच्या! चार वर्षांत मनगट पुढे करायची हिंमत झाली नव्हती. कासार म्हणाला, "ताई, हात सैल सोडा." सोडला.

४ जुलै

वत्सलाबाई म्हणाल्या, आता येत नाही. "गिरणी बंद ठिवून यायचं, दिवसभर टांगून घ्यायचं, अन् काय? पानी! नळाचं फुकट मिळतं मला."

मीच समजावलं. ऑक्टोबरपर्यंत थांबा म्हटलं. ऑक्टोबरनंतर सगळ्यांना दोन्ही खरी मिळणार आहेत, तसं कबूल केलंय त्यांनी. पण मधेच सोडलं, किंवा आजारपणानं मधेच काढलं, तर नाही. "एवढी कळ सोसलीत, आता तीन महिन्यांसाठी सोडता का?"

मग म्हणाल्या, "सुनेला दिवस गेलेत. माझा ललित फौजेत, जम्मूला हाय, ती माहेरी. दिवाळीच्या टायमाला बाळ होईल. मला ते उचलता यायला पायजे, आशे. बाकी काय नाय. ह्या हातांनी भांडं सुटतं, पोर सुटलं तर?"

मग त्या थांबल्या. मी थांबवलं. बरं वाटलं मला, कोणाचं तरी भलं केल्यासारखं.

२९ ऑगस्ट

वत्सलाबाई खोकत होत्या. आज बाटली नव्हती, नुसती रक्ततपासणी. नर्सनं ताप बघितला — नाही. पण हात धरला तेव्हा मला गरम लागला. विचारलं तर डोळे मोठे केले. नर्स गेल्यावर कानाशी — "घरनं निघताना गोळी खाल्ली तापाची. गप ऱ्हा."

"कधीपासून?"

"चार-पाच रोज. सर्दीच हाय. पिठाच्या धुरळ्यानं दर साली होतं मला."

"सांगायला हवं—"

"अन् काढलं मंग? एक महिना ऱ्हायलाय! आशे, तुला माझ्या नातवाची आन हाय."

जन्मायचाय तो अजून. त्याची आण!

गप्प राहिले. आणि पुढे मीच म्हटलं — लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कोणाला सांगू शकत नाही — "तसंही तुम्हाला पाणीच आहे. पाण्यानं काय ताप येणार."

त्या खूश झाल्या.

३० ऑगस्ट

पण सुई तर खरी आहे! सुई सगळ्यांना खरी आहे. जंतूंशी लढणारं निम्मं बळ तर तिनंच काढून घेतलंय. हे काल मला का आठवलं नाही?

फोन केला. फकिरानं उचलला — त्यांच्या गिरणीवरचा म्हातारा गडी. "बाई निजल्यात." सकाळी अकरा वाजता?

२ सप्टेंबर

त्या स्वतः बोलल्या. आवाज बरा वाटला. "गेला ताप. तू उगा जिवाला लावून घेतीस." बरं वाटलं. बरं वाटून घेतलं.

७ सप्टेंबर

गणपती बसले. मोदकांना कळ्या पाडल्या, एकेक चिमटीनं. सासूबाई असत्या तर मोजल्या असत्या. पल्लवीनं फोटो काढले — मोदकांचे नव्हे, माझ्या बोटांचे!

आरतीच्या वेळी मनात सारखं एकच. त्या जेवल्या असतील का. वेदिकाचा नंबर पर्समध्ये आहे. एक फोन. पण शब्द दिलाय. आणि खरंच साधी सर्दी असली तर? माझ्यामुळे औषध गेलं, नातू उचलता आला नाही, तर त्या मला जन्मभर माफ करणार नाहीत.

शेखरला विचारलं, "कोणी विश्वासानं सांगितलेलं दुसऱ्याला सांगावं का?" तो म्हणाला, "कोर्टातलं असेल तर मला सांगू नकोस."

८ सप्टेंबर

फोन कोणी उचलत नाही.

९ सप्टेंबर

अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सीबीएस स्टँडवरून देवळाली कॅम्पची बस. बसमध्ये सारखं वाटत होतं की दार उघडून त्या म्हणतील, "कशाला आलीस, काम नाय का तुला?"

गिरणी बंद. फकिरा ओट्यावर बसलेला. मला बघून उठला — "बरं झालं आला ताई. बाई कोनाचं ऐकंनात."

आत त्या भिंतीला टेकून बसलेल्या. आडवं झालं की दम लागतो म्हणून बसूनच झोपतात म्हणे. अंगात नवऱ्याचा लष्करी स्वेटर, वर गोधडी. बाहेर ऊन. ओठांचा रंग — जांभळाच म्हणायचा. एक वाक्य बोलायला तीनदा श्वास घेत होत्या.

"कशाला... आलीस."

मी म्हटलं, दवाखान्यात चला.

"सोमवारी... बाटली झाली की... जाते."

"वत्सलाबाई, सोमवारपर्यंत तुम्ही—"

"बोलू नको." माझं मनगट धरलं. सुजलेल्या, कललेल्या बोटांनी, पण इतकं घट्ट की एक बांगडी तडकली. "शब्द... दिलायस तू."

फकिरा दारात उभा होता. माझ्याकडे बघत होता. मला कळलं की हा आठवडाभर असाच उभा असणार, कोणीतरी येऊन काहीतरी करावं म्हणून.

मी हात सोडवला. पर्समधून नंबर काढला. त्यांच्याच घरातला फोन, त्यांच्यासमोरच. वेदिकानं उचलला. मी कोर्टात वाचून दाखवते तसं सगळं सांगितलं — ताप कधीपासून, खोकला कधीपासून, गोळी खाऊन यायच्या तेही. वेदिका पलीकडे नुसती, "अरे देवा... अरे देवा..." मग डॉ. देवरेच आले फोनवर. "गाडी पाठवतोय. बसवूनच आणा, झोपवू नका. आणि आशाताई — सुई घेतली का त्यांनी काल?"

मी विचारलं. त्यांनी मान फिरवली. फकिरा म्हणाला, "घेतली की. काल सकाळी. मीच बरफ आनला."

म्हणजे तापातसुद्धा! न चुकता!

गाडी आली. उचलून ठेवताना एकदाच म्हणाल्या, "तू शब्द मोडलास." श्वास पुरला तेवढंच.

१० सप्टेंबर

न्यूमोनिया. दोन्ही फुप्फुसं. रक्तातही पसरलाय. आयसीयूत मशीनवर घातलंय. ललितला तार नाही, थेट युनिटला फोन केला डॉक्टरांनी.

काचेतून बघितलं. नळ्या, आणि मधे त्यांचे ते हात. चादरीवर, जसे आहेत तसे.

११ सप्टेंबर

डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. दोन दिवस झोपलेले नसावेत. म्हणाले, जीव धोक्यात असला की कोणाला काय दिलं त्या यादीचं कुलूप उघडायची मुभा असते, तशी परवानगी मागितली आणि मिळाली.

"त्यांना पाणी नव्हतं," म्हणाले. "दोन्ही खरी होती. पहिल्या दिवसापासून."

मी खुर्चीचा हात धरला.

"पण त्यांना तर काहीच फरक—"

"फरक नाही पडला. तसं होतं काहींचं. सांध्यांवर काम केलं नाही, म्हणून जंतूंच्या बाबतीतही केलं नाही असं नसतं. तिथं केलंय."

पाण्यानं काय ताप येणार. हे माझे शब्द. माझ्या तोंडचे.

मला विचारायचं होतं, मग मला काय होतं? विचारलं नाही. त्या पलीकडे मशीनवर असताना कसं विचारू? पण उत्तर सरळच दिसतंय. माझं पाणी असणार. एकाच औषधानं मी बरी झाले, आणि त्या दोन्ही घेऊन तिथे.

१२ सप्टेंबर

माझी बाटली. गेले, पण हात पुढे करवेना. वेदिका म्हणाली, "तुम्हाला ताप नाही, खोकला नाही, एक्स-रे स्वच्छ आहे. मॅडम, तुमचा निर्णय." शेखर सोबत आला होता. मी त्याच्याकडे बघितलं तर म्हणाला, "तुझे हात आहेत."

घेतली.

१७ सप्टेंबर

ललित आला. युनिफॉर्ममध्येच, तीन गाड्या बदलून. आईचा चेहरा बघून बाहेर आला आणि मला विचारलं, "तुम्हीच का फोन करणाऱ्या?" मी हो म्हटलं. तो पाया पडला. भर कॉरिडॉरमध्ये! मी मागे सरकले. त्याला माहीत नाही मी आधी काय बोलले होते. सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात त्याला आत बोलावलं.

२४ सप्टेंबर

मशीन काढलं. स्वतःचा श्वास घेतात. डॉक्टरांनी पेढा खाल्ला, उभ्या उभ्या.

२८ सप्टेंबर

भेटायला गेले. जागी होत्या. मला बघून भिंतीकडे तोंड केलं.

स्टुलावर बसून राहिले. शहाळं ठेवलं. उठताना म्हटलं, "वत्सलाबाई, पाणी म्हटलं होतं मी तुम्हाला. चुकलं माझं."

पाठमोऱ्याच होत्या. खांदे हलले, खोकल्यानं की कशानं, कळलं नाही.

१० ऑक्टोबर

सगळं थांबवलं. बाटलीही, सुईही. फक्त नाशिकचं नाही — सगळीकडचं. डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं आणि उभं राहून सांगितलं. आणखी गावांतही असे आजारी पडलेत. दोन्ही औषधं घेणाऱ्यांत गंभीर जंतुसंसर्ग जास्त, आणि सांध्यांना फायदा — "एकट्या सुईपेक्षा जास्त नाही. दोन्ही एकत्र द्यायची नाहीत, हे आता आपल्याला कळलंय."

मागून एक जण चिडून म्हणाला, "आमच्या अंगावर कळलंय तुम्हाला!"

डॉक्टर म्हणाले, "हो." एवढंच. मान खाली घातली नाही, उत्तरही फिरवलं नाही.

वत्सलाबाई घरी गेल्यात. ललितनं रजा वाढवलीय. मी फोन केला की तोच उचलतो. "आई झोपलीय, ताई." दरवेळी झोपलेलीच असते.

१७ ऑक्टोबर

आज माझं कुलूप उघडलं. एकेकाला आत बोलावून सांगत होते. मी अगदी निवांत होते — पाणीच, दुसरं काय! शेखरला बाहेरच बसवलं होतं.

डॉक्टर म्हणाले, "आशाताई, दोन्ही."

"काय दोन्ही?"

"तुम्हालाही दोन्ही खरी होती. त्यांच्यासारखीच."

मी हसले बहुतेक. म्हटलं, मग मी बरी कशी? मग त्या का नाही? मग मला का काही झालं नाही? एकामागून एक विचारत सुटले, वकिलासारखी. ते ऐकत राहिले.

"एकाच सुईनंही कदाचित तुम्ही एवढ्याच बऱ्या झाला असता. सांगता येत नाही. त्यांना का, तुम्हाला का नाही — तेही सांगता येत नाही." मग पॅडवर काही लिहीत — "शेवटची बाटली सप्टेंबरमध्ये झालीय. औषध अजून अंगात आहे, काही आठवडे राहील. तेवढे दिवस सांभाळायचं. गर्दीत जायचं नाही. थोडंही काही वाटलं तर—"

"त्याच दिवशी फोन," मी म्हटलं.

बाहेर शेखरनं विचारलं, "पाणी ना?" मी मान हलवली. हो की नाही, ते माझं मलाच कळलं नाही. घरी येऊन खरं सांगितलं. तो स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ भांडी घासत राहिला. घासलेलीच भांडी.

२५ ऑक्टोबर

सकाळी उजव्या हाताची दोन बोटं आखडलेली. गरम पाण्यात धरली, सुटली. उद्या किती सुटतील?

३० ऑक्टोबर

ललितला मुलगी झाली! वेदिकाकडून कळलं. मला कोणी कळवलं नाही. कशाला कळवतील.

५ नोव्हेंबर

पहाटे हुडहुडी भरून जाग आली. ताप एकशे एकच्या वर. खोल श्वास घेतला की डाव्या कुशीत टोचतंय. शेखर पहिल्या पाळीला गेलेला, पल्लवी भाऊबीजेला मामाकडे गेलीय ती तिथेच. तापाची गोळी समोरच होती. नाही घेतली. डॉक्टरांना फोन केला — "लगेच निघा." शेखरच्या कंपनीत निरोप ठेवला. मग, का ते माहीत नाही, देवळालीचा नंबर फिरवला. या वेळी ललित नव्हता. त्यांनीच उचलला. मी नुसतं, "वत्सलाबाई, मी..." एवढंच म्हटलं आणि खोकला आला. मग — "बसून ऱ्हा. आडवी होऊ नको. दार उघडं ठिव. फकिराला रिक्षा आनाया धाडते, मी येते." मी म्हटलं, तुम्हाला अजून चालवत नाही. "तोंड बंद कर अन् श्वास घे."

दार उघडं ठेवलंय. बसून आहे.